पोस्टरभाऊ

वडशात दोन प्रकारची माणसं राहतात. ज्यांचा फोटो नाटकाच्या पोस्टरवर छापून आला आहे ती, आणि ज्यांचा पुढच्या सीझनला यायचा आहे ती. या दोन्ही जमातींचं भवितव्य ज्याच्या माउसच्या टोकाला लटकलेलं असतं, तो पोस्टरभाऊ. त्याचं खरं नाव विचारू नका. ते त्याच्या दुकानाच्या पाटीवरही नाही, कारण तिथं जागा उरली नाही. फ्लेक्स, पाम्पलेट, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, झेरॉक्स, लॅमिनेशन आणि 'येथे सातबारा काढून मिळेल' एवढं लिहून झाल्यावर एक कोपरा शिल्लक होता. तो त्यानं गुलाबाच्या फुलाला देऊन टाकला.

असा माणूस आरमोरीत असतो, ब्रह्मपुरीत असतो, नागभीडलाही असेल. पण वडशातला पोस्टरभाऊ हा या जातीचा सम्राट, कारण त्याचं गिऱ्हाईक वेगळं. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या मुलखात दिवाळी उरकली की मंडया भरतात आणि नाटकांचा हंगाम लागतो. रात्री दहाच्या सुमारास वर गेलेला पडदा पहाटे कोंबडं आरवल्यावर खाली येतो. या झाडीपट्टी रंगभूमीची पेठ म्हणजे वडसा. सरकारी कागदावर देसाईगंज, रेल्वेच्या पाटीवर वडसा. कंपन्यांची कार्यालयं इथंच, आणि गावोगावच्या मंडळांची माणसं मोटारसायकलवर येऊन नाटक ठरवतात तीही इथंच. 2023 साली कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे झाडीपट्टी कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा पोस्टरभाऊचा प्रिंटर तापून बंद पडला होता. 'आपल्याले पद्मश्री भेटली' असं तो अजूनही सांगतो. त्यातल्या 'आपल्याले'मध्ये प्रिंटरही धरलेला असतो.

हंगामात त्याला ओळखणं सोपं. डोळे नाटकातल्या खलनायकासारखे लाल, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेले तीन पेन ड्राइव्ह, बोटांना शाई. संगणकात कोरल ड्रॉची एक पुरातन आवृत्ती आहे; ती त्याला कोणी विकली नाही आणि त्यानं कोणाकडून विकत घेतली नाही. कळफलकावरची अक्षरं केव्हाच पुसली गेली आहेत. नवीन मुलगा कामाला ठेवला की तो आठवडाभर नुसता 'क' शोधतो.

त्याच्या पोस्टरचं एक शास्त्र आहे. वर मधोमध गणपती, त्याच्या दोन बाजूंना आयोजक मंडळाचे दोन दिवंगत. खाली कंपनीचं नाव. मग नाटकाचं नाव, पेटत्या अक्षरांत आणि थोडं कमानीसारखं वाकवून, कारण सरळ अक्षरात दु:ख कमी वाटतं. डावीकडे रडणारी नायिका, उजवीकडे दात विचकणारा खलनायक, मध्ये हिरो, हिरोच्या काखेतून डोकावणारा विनोदवीर. लावणीवाली बाई पायांपासून गजऱ्यापर्यंत पूर्ण, कारण तिला कापलं तर तिकीट कापलं जातं. त्याखाली गोल गोल चौकटींत बाकीचे कलावंत, ऑर्गनवाला, तबलजी, ऑक्टोपॅडवाला, लेखक, दिग्दर्शक. त्याखाली मंडळाचे अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव आणि 'समस्त गावकरी'. एवढं करूनही कुठं बोटभर जागा राहिलीच तर त्याच्या पोटात गोळा येतो. तिथं तो पिवळा चांदणीचा आकार टाकतो आणि आत लिहितो, 'एकदा पहाच!'

शहरातून आलेला कोणीही शहाणा हे पोस्टर पाहून हसतो. 'फार गर्दी झाली हो,' म्हणतो. पोस्टरभाऊ त्याला खुर्ची देतो, चहा पाजतो आणि मग संगणकातलं एक फोल्डर उघडून दाखवतो. फायलींची नावं अशी: 'हिरोईन रुसली', 'खलनायक मोठा केला', 'हिरो म्हणे मी काहून लहान', 'अध्यक्ष डावीकडे', 'अध्यक्षाची बायको म्हणे उजवीकडे', 'सगळे खुश, तबलजी सोडून'. पोस्टरवर किती चेहरे घ्यायचे हा चित्रकलेचा प्रश्न नाही, मानपानाचा आहे. ज्याचा फोटो गळला तो कलावंत ऐन प्रयोगाच्या दिवशी 'घसा बसला' म्हणून निरोप पाठवू शकतो. ज्या सचिवाचं नाव गळलं तो उरलेले पैसे द्यायला होळी उलटेपर्यंत लावतो. एक खलनायक पोस्टर हातात आलं की खिशातून चक्क मोजपट्टी काढतो. हिरोचं डोकं आपल्यापेक्षा एका बोटानं मोठं असलं तर त्याला चालतं, दोन बोटांनी असलं की तो खऱ्या आयुष्यातही खलनायक होतो.

पण या माणसाला फक्त भरायचं कळतं, असं समजू नका. रस्ता त्याला पाठ आहे. नवा फ्लेक्स टांगला की तो चौकात पानठेल्याच्या आडोशाला उभा राहतो आणि लोकांच्या माना मोजतो. सायकलवाला किती वेळ मान वळवतो, डोक्यावर भारा असलेली बाई मान न वळवता फक्त डोळे फिरवते तेव्हा तिला काय दिसतं, एसटीच्या खिडकीतल्या पोरानं बोट कशाकडे दाखवलं, याची त्याच्याकडे बारीक माहिती असते. 'सायकलवाल्यानं मान वरवली तेवढ्यात जे दिसलं ते पोस्टर,' तो सांगतो, 'बाकीची छपाई.' मग हळूच म्हणतो, 'छपाई रुसनाऱ्यांसाठी असते जी. पोस्टर पाहनाऱ्यासाठी.' हे ज्ञान असूनही आजवर त्याला एकही पोस्टर मनासारखं करता आलं नव्हतं.

अशा या पोस्टरभाऊच्या दुकानात एक पोट्टा आला. वडशाचाच, नागपूरला इंजिनिअर झालेला, पुण्यात नोकरी करून कंटाळलेला आणि आता घरी बसून 'काहीतरी कॉम्प्युटरवर' करणारा. त्यानं एकट्यानं व्हिडिओ गेम बनवला होता. धानाच्या बांधीत मचाणावर बसून रात्रभर जागली करायची. रानडुकरं येतात, वाघ येतो, हत्ती येतात. 2021 साली छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोली जिल्ह्यात शिरला, तेव्हापासूनची ही नवी पंचाईत त्यानं गेममध्येही घेतली होती. हातात फक्त एक टॉर्च, आणि तिची बॅटरी उतरत जाते.

'मस्त आहे. पन हे इकतेत कुठं?'

'स्टीमवर, भाऊ. कॉम्प्युटरच्या गेमचं दुकान आहे, अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीचं. 2003 पासून चालू आहे. तिथं एक गेम मांडायले 100 डॉलर भरा लागते.'

'पाटी लावाचेच 100 डॉलर? अन् पाटी?'

'तेच सांगाले आलो. पाटी आपल्यालेच करा लागते.'

पोट्ट्यानं मोबाइलवर ते दुकान उघडून दाखवलं. काळपट निळी भिंत, आणि तिच्यावर ओळीनं चिकटवलेली शेकडो चिमुकली चित्रं. 2024 या एका वर्षात तिथं 18 हजारांहून जास्त नवे गेम आले. पोस्टरभाऊनं अंगठ्यानं ती ओळ सरकवली, पुन्हा सरकवली, आणि त्याचा चेहरा उजळला. 'लेका, हा त आपला चौक आहे! अंगठा म्हनजे सायकल.' ऑर्डर तिथंच पक्की झाली. मापं विचारली. गेमच्या पानावरचं आडवं चित्र 920 गुणिले 430 पिक्सेल, छोटं 462 गुणिले 174. 'फुटात सांग.' पोट्ट्यानं हिशेब केला: छोटं चित्र चौरस फुटाचा जेमतेम दहावा हिस्सा भरत होतं. फ्लेक्सच्या भावानं मजुरी एक-सव्वा रुपया. शिवाय हे छोटं चित्रही काही याद्यांत 120 गुणिले 45 इतकं आक्रसतं. पोस्टरभाऊनं आपल्या अंगठ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या दहा बाय वीसच्या फ्लेक्सकडे पाहिलं आणि एक दीर्घ उसासा टाकला.

पहिलं चित्र त्यानं रीतीप्रमाणे केलं. वर गणपती. मध्ये टॉर्चवाला शेतकरी, डावीकडे रडणारी त्याची बायको (गेममध्ये ती नाही, पण नाटकात असतेच), उजवीकडे डरकाळी फोडणारा वाघ, मागे हत्ती, पुढे तीन रानडुकरं, वर चंद्र, खाली धानाच्या लोंब्या. गोल चौकटींत पोट्टा, त्याच्या गेमला संगीत देणारा मित्र आणि रात्री-बेरात्री चहा करून देणारी आई. कोपऱ्यात पिवळी चांदणी, 'एकदा पहाच!' सर्वांत खाली, डिझाइन आणि मोबाइल नंबर.

पोट्टा म्हणाला, 'भाऊ, हे नियमात बसत नाही. 1 सप्टेंबर 2022 पासून व्हॉल्व्हनं ठरवून टाकलं. या चित्रात फक्त गेमची चित्रकला, गेमचं नाव आणि उपशीर्षक. बक्षिसं लिहायची नाहीत, कोणी केलेली तारीफ लिहायची नाही, सवलत लिहायची नाही.'

'एकदा पहाच?'

'नाही चालत.'

'नंबर?'

'नाही, भाऊ.'

'मग मी केलं हे जगाले कसं समजंन?'

यावर पोट्ट्याकडे उत्तर नव्हतं. त्यानं विषय बदलून पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' दाखवला. आपल्याच राज्यात बनलेला, 2020 साली जगभर विकायला आलेला गेम. सर्कशीतली एक पोरगी, तिच्या लहान भावाला राक्षस पळवतो, दुर्गा तिला त्रिशूळ देते आणि ती भावाला सोडवायला निघते. पोस्टरभाऊ खुर्चीत ताठ झाला. 'बहीन भावाले सोडवाले निघाली? हे त आपलंच नाटक आहे बापा! यात लावनी कुठं आहे?' लावणी नाही हे कळल्यावर त्याला वाईट वाटलं. तरी बहिणीच्या प्रेमावर जगभर खपता येतं हे पाहून त्याचा झाडीपट्टीवरचा विश्वास दुणावला.

मग सुरू झाली परीक्षा. ही त्याची स्वतःची पद्धत, कुठल्या पुस्तकातली नव्हे. त्यानं चित्र मोबाइलवर अगदी लहान करून समोरच्या भिंतीला टेकवून ठेवलं आणि दुकानात येईल त्याला विचारायला लागला, 'काय दिसते जी?' आधार लॅमिनेट करायला आलेली बाई म्हणाली, 'भजे हायेत का?' चहावाला पोरगा म्हणाला, 'आगपेटीचा खोका.' सातबाऱ्याला आलेल्या म्हाताऱ्यानं चष्मा पुसून, वाकून, बराच वेळ न्याहाळून सांगितलं, 'निवडनुकीचं आहे का गा? कोन उभा आहे?'

पोस्टरभाऊ काही बोलला नाही. उठला, चित्राची काळी-पांढरी प्रिंट काढली आणि ती झेरॉक्स मशीनमध्ये घातली. जी प्रत आली तिची पुन्हा झेरॉक्स, तिची पुन्हा. हा त्याचा जुना उपाय. गुलाबी कागदावर एका रंगात पाम्पलेट छापायचे दिवस त्यानं पाहिलेत, आणि तेव्हाच तो शिकला की ज्या चेहऱ्याचं नाक झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये टिकतं तोच चेहरा लांबून ओळखू येतो. तिसऱ्या प्रतीत शेतकरी आणि वाघ यांचा एकच काळा डाग झाला होता. हत्ती चंद्रात विरघळला होता. बायको तर तिथं कधी होती याचाही पुरावा उरला नाही. रंग वेगळे असून भागत नाही, उजेड-अंधार वेगळा लागतो, हे त्या कागदावर स्पष्ट लिहिलं होतं. त्यातून स्टीमच्या दुकानाची भिंत काळपट, आणि गेम रात्रीचा. म्हणजे चित्राच्या कडा भिंतीतच बुडणार.

'काही काढा लागते,' तो म्हणाला. हे वाक्य त्या दुकानात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं असावं.

पण काढायचं कोणाला? सवयीनं त्यानं माउसवरचा हात थांबवला आणि विचारलं, 'हत्ती काढला त कोन रुसन?'

'कोणी नाही, भाऊ.'

'डुक्कर?'

'कोणी नाही.'

'तुह्या मित्राचा फोटो?'

'तो बंगलोरला आहे. त्याचं नाव गेमच्या शेवटी येतंच.'

'अन् आई?'

पोट्टा जरा घुटमळला. 'आईले मी सांगतो.'

पोस्टरभाऊ मागे रेलला. नाटकाच्या धंद्यात केस पिकले, आणि रुसणारा कोणीच नाही असं पोस्टर त्याच्या हाती पहिल्यांदा आलं होतं. आनंद व्हायला हवा होता. झाली मात्र पंचाईत. इतकी वर्षं चूक झाली की 'लोक आयकत नाही जी' म्हणता यायचं. आता चित्र फसलं तर दोष नाव घेऊन त्याच्याकडेच येणार. सत्तांतरानंतर खुर्चीवर बसलेल्या विरोधी पुढाऱ्यासारखा तो काही वेळ नुसता पडद्याकडे बघत राहिला.

मग एकेकाला निरोप दिला. आधी चांदणी गेली. मग गणपती, त्याच्यासाठी मात्र दुकानातल्या तसबिरीला हात जोडून घेतले. बायको गेली, डुकरं गेली, चंद्र गेला. हत्तीवर अडलं. 'एवढा मोठा जीव कसा काढू?' पोट्ट्यानं तेव्हा शेवटचं माप सांगितलं. गेम विकत घेतल्यावर गिऱ्हाइकाच्या संग्रहात वरती एक मोठं चित्र लागतं, 3840 गुणिले 1240. त्यात अक्षर नको, नुसतं चित्र पाहिजे. 'हे काहून आधी सांगितलं नाही बे?' पोस्टरभाऊ ओरडला. 'हा खरा फ्लेक्स!' काढलेले सगळे प्राणी त्यानं तिकडे नेऊन बसवले. एका रानडुकराला तर इथं मान नव्हता तेवढा तिथं मिळाला.

राहिला वाघ आणि राहिला शेतकरी. वाघ पूर्ण दाखवायचा तर शेतकरी मुंगी होतो, शेतकरी मोठा करावा तर वाघ मांजर होतो. पोस्टरभाऊ दुकान बंद करून चौकात गेला, रात्रीच्या अंधारात उभा राहिला. एका ट्रकच्या दिव्यात रस्त्यापलीकडे बसलेल्या कुत्र्याचे डोळे चमकले. त्याला जे पाहिजे होतं ते मिळालं. वाघाचं अंगच नको. टॉर्चचा एक पिवळा झोत, खालच्या कोपऱ्यातून वर तिरका गेलेला. झोताच्या टोकाला धानातून वर आलेले दोन डोळे. झोताच्या सुरुवातीला मचाणावर बसलेल्या माणसाची काळी आकृती. संपलं. गेममध्ये काय करायचं आहे तेही त्यातच आलं: उजेड आहे, भीती आहे, आणि माणूस एकटा आहे.

नावाचा मात्र खरा झगडा झाला. पोट्ट्यानं गेमला आठ शब्दांचं इंग्रजी नाव ठेवलं होतं. 462 पिक्सेलांत आठ शब्द म्हणजे मुंग्यांची रांग. 'दोन शब्द ठेव. बाकीचे सहा आत गेल्यावर सांग.' पोट्टा रुसला. रुसणारं एक तरी माणूस निघालं याचं पोस्टरभाऊला बरं वाटलं. ही भाषा त्याला येत होती. त्यानं चहा मागवला, पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या चहापर्यंत नाव दोन शब्दांवर आणलं. अक्षरं जाड, पिवळी, सरळ. कमान नाही, आग नाही. छोट्या चित्रात तर त्यानं अक्षरांनीच जवळपास सगळी जागा भरली, डोळे तेवढे नावाच्या मागून चमकत ठेवले. तिथं चित्रापेक्षा नाव वाचता येणं महत्त्वाचं, हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही. पानठेल्याची पाटी तशीच असते.

पुन्हा मोबाइल भिंतीला टेकला. लॅमिनेशनवाली बाई आधार परत नेण्यासाठी आली होती. 'काय दिसते जी?' ती थबकली. 'वाघ हाय ना तिकडं? त्या मानसाले सांगा ना, खाली उतरू नोको म्हना.' झेरॉक्सच्या तिसऱ्या प्रतीतही डोळे शाबूत होते. पोस्टरभाऊनं पोट्ट्याकडे पाहिलं आणि मोठ्या मनानं आपला मोबाइल नंबर स्वतःच्या हातानं खोडला.

बिलाच्या वेळी पुन्हा फुटाचा प्रश्न आला. सव्वा रुपया घ्यायला तो तयार नव्हता, आणि जास्त मागायला त्याला फुटाचा आधार सापडेना. शेवटी त्यानं पावतीपुस्तक ओढलं आणि लिहिलं: गणपती काढला, चांदणी काढली, हत्ती एक, डुकरं तीन, बायको एक, चंद्र, आई, मित्र, शब्द सहा. प्रत्येकासमोर रक्कम. खाली बेरीज. 'ठेवल्याचे पैसे नाही घेत,' तो म्हणाला, 'काढल्याचे घेतो.' पोट्ट्यानं कुरकूर न करता दिले. माझ्या मते इतकी रास्त पावती वडशात त्याआधी फाटली नसेल.

आता तुम्ही विचाराल, मग पोस्टरभाऊ सुधारला का? नाही. या सीझनचं त्याचं पहिलं पोस्टर चौकात लागलं आहे. त्यात गणपती आहे, दोन दिवंगत आहेत, तबलजी आहे आणि 'एकदा पहाच!'ही आहे. रानडुक्कर रुसत नाही, उपाध्यक्ष रुसतो, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक आहे? तेव्हा तुम्ही घरी बसून गेम करत असाल आणि त्याच्या चिमुकल्या चित्रात सगळंच दाखवायचा मोह होत असेल, तर एकदा वडशाला या. चित्र पोस्टरभाऊच्या भिंतीला टेकवा, दुकानात येईल त्याला विचारा. आणि झेरॉक्सचे पैसे सुटे आणा. सुट्ट्यावरून तो हमखास रुसतो.